एफवायला सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवताना: आधी आकृती की आधी बाजार?

तासिका_तत्त्व

नमस्कार मंडळी. जूनपासून एफवायबीएच्या पोरांना सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवायचंय. तालुक्याच्या गावचं कॉलेज, मराठी माध्यम, पटावर सत्तरेक पोरं आणि बाकावर त्याच्या निम्मी, आणि मी आयडीवरून कळलंच असेल, सीएचबीवर, म्हंजे तासागणिक पैसे.

अडचण अशी आहे की पोरं बारावीला हा विषय करून आलेली असतात. मागणीचा नियम विचारला की झोपेतून उठवलं तरी 'इतर परिस्थिती कायम असताना' पासून धडाधड सुरू. आकृती पण झकास काढतात. मग मी साधं विचारतो की बाबांनो अवकाळी पाऊस झाला, चाळीतला कांदा सडला, आता भावाचं काय होईल? उत्तर येतं की पुरवठा कमी झाला म्हणून भाव वाढला, भाव वाढला म्हणून मागणी कमी झाली, मागणी कमी झाली म्हणून भाव परत खाली आला. म्हंजे वाढलाच नाही! आणि यात काही वावगं आहे असं वर्गात कुणालाच वाटत नाही. तीच पोरं 'मागणीतील विचलन आणि मागणीतील बदल, फरक स्पष्ट करा' (विचलन म्हंजे भावामुळे त्याच वक्रावर सरकणं, बदल म्हंजे अख्खा वक्रच हलणं) याचं उत्तर तक्ता आखून व्यवस्थित लिहून देतात.

तर शिकवणाऱ्यांनी, शिकलेल्यांनी, वैतागलेल्यांनी सगळ्यांनीच सांगा. आकृत्या कमी करू का? गणित किती घेऊ? पोर्शन तर नेहमीचाच आहे, मागणी-पुरवठा, लवचिकता, उपयोगिता, समवृत्ती वक्र, खर्च, बाजाराचे प्रकार.

खडूफळा

सर, आकृत्या अजिबात कमी करू नका. मी रिटायर्ड माणूस आहे, गठ्ठेच्या गठ्ठे पेपर तपासलेत, विद्यापीठाच्या पेपरात आकृतीला मार्क असतात आणि तुमच्या पोरांना ते लागणारेत. फक्त फळ्यावर आकृती यायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे: कोणता बाजार? कोणता वक्र हलला? कुठल्या बाजूला? तिन्हीची उत्तरं तोंडी आल्याशिवाय खडू हातात घ्यायचा नाही.

कांद्याचंच घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम, सप्टेंबर २०२४ ला शुल्क २० वर आलं, एप्रिल २०२५ पासून शून्य. ही पाच कात्रणं पोरांना वाटा. आणि विचारा, डिसेंबरच्या बंदीने लासलगावात काय हललं? निम्मा वर्ग म्हणेल पुरवठा वाढला, माल देशातच राहिला ना. तसं मांडलं तरी चालतं, पण मग बाजार 'देशातल्या गिऱ्हाइकांचा' धरायला लागतो. लासलगावचा लिलाव हाच बाजार धरला तर आवक तीच, गिऱ्हाईक गेलं, मागणीचा वक्र डावीकडे. आता त्याच बातमीवर ढाक्याच्या बाजाराची आकृती काढा म्हणावं, तिथं पुरवठा डावीकडे जातो आणि भाव वर. एकच बातमी, दोन बाजार, दोन उलट्या आकृत्या. बाजार कुठला ते आधी ठरवल्याशिवाय आकृती निघत नाही हे एकदा डोक्यात बसलं की तुमचं ते गोल गोल फिरणारं उत्तर पण बंद होतं.

मीच_ती

वाचनखूण साठवली. आम्हाला असं कुणी शिकवलं असतं तर मी बँकिंगला गेले नसते :)

मक्याच्या_देशा

मी अमेरिकेत मिडवेस्टातल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत इंट्रो मायक्रो शिकवते, हॉलमध्ये तीनशेच्या आसपास पोरं, रडगाणं डिट्टो हेच. खडूफळा सरांशी सहमत आहे पण माझा क्रम उलटा आहे. पहिल्या आठवड्यात आकृती नाहीच, वर्गात बाजार भरवायचा.

कल्पना जुनी आहे. चेंबरलिन नावाच्या प्राध्यापकाने हार्वर्डच्या वर्गात हा खेळ केला आणि १९४८ ला छापला, त्याला दाखवायचं होतं की पुस्तकातला समतोल, म्हंजे मागणी आणि पुरवठा जुळतो तो भाव, प्रत्यक्षात येत नाही. त्याच्या वर्गात पोरं जोड्या जोड्यांनी घासाघीस करायची आणि सौदे पुस्तकापेक्षा जास्त व्हायचे. त्या वर्गात व्हर्नन स्मिथ म्हणून विद्यार्थी होता, त्याने पुढे स्वतः शिकवताना दोन बदल केले. बोली सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने लावायची आणि तोच बाजार फेरीमागून फेरी परत भरवायचा. भाव समतोलाच्या जवळ यायला लागला. ते १९६२ ला छापून आलं आणि २००२ ला त्याला नोबेल मिळालं.

तुमच्यासाठी हिशोब करून देते. सोळा चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठीला दोन पोरं म्हंजे बत्तीस जण झाले. आठ खरेदीदार, चिठ्ठीवर 'जास्तीत जास्त इतके देईन': ९०, ८०, ७०, ६०, ५०, ४०, ३०, २०. आठ विक्रेते, चिठ्ठीवर 'मला इतका खर्च आला': १०, २०, ३०, ४०, ५०, ६०, ७०, ८०. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. एका चिठ्ठीला एका फेरीत एकच सौदा. बोली मोठ्याने, सौदा झाला की फक्त भाव फळ्यावर लिहायचा. पाच मिनिटांची एक फेरी, अशा चार तरी घ्या.

पहिल्या फेरीत भाव कसेही येतात, कुणी २५ ला विकून बसतो आणि शेजारी ६५ ला गेलेलं बघून चरफडतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीला फळ्यावर ४८, ५०, ५१ असलं काहीतरी दिसायला लागतं आणि चार नाहीतर पाच सौदे होऊन बाजार थंड होतो. मग सगळ्या चिठ्ठ्या गोळा करा, खरेदीदारांच्या उतरत्या क्रमाने आणि विक्रेत्यांच्या चढत्या क्रमाने फळ्यावर मांडा. दोन जिने तयार होतात आणि ५० ला एकमेकांना छेदतात. तो वक्र त्यांच्याच खिशातून निघालाय, पुस्तकातून नाही, हे पोरांना दिसतं. तेव्हाच सांगायचं की प्रत्येक सौद्यात दोघांचा मिळून फायदा मोजा, ८० अधिक ६० अधिक ४० अधिक २०, एकूण २००, यालाच पुस्तकात उपभोक्त्याचं आणि उत्पादकाचं आधिक्य मिळून म्हणतात.

आणि तुमचा सडलेल्या कांद्याचा प्रश्न? विक्रेत्यांच्या दोन स्वस्तातल्या चिठ्ठ्या, १० आणि २० वाल्या, फाडून टाका आणि परत फेरी घ्या. भाव ६० च्या आसपास जातो. खरेदीदारांच्या चिठ्ठ्या बदलल्या का विचारा. नाही. घेणारे कमी झाले का? हो. झालं तुमचं विचलन आणि बदल.

तासिका_तत्त्व

ताई, हे जबरदस्त आहे, पण आमची पोरं एकमेकांच्या चिठ्ठ्या बघणार हो, गावातलीच सगळी, एकाच एसटीने येतात. शिवाय बक्षीस काय ठेवायचं? फुकटात कुणी सिरीयसली खेळणार नाही.

मक्याच्या_देशा

बघू देत की. मित्राची चिठ्ठी बघितली तरी मित्राला विकायचंच असं नियमात नाही, तिसरा जास्त देत असेल तर मैत्री तिथेच संपते. बक्षीस म्हणून शेंगदाण्याच्या चिक्क्या ठेवा, २० रुपये फायद्याला एक. इंटर्नलचे मार्क मात्र देऊ नका, नाहीतर ज्याच्या वाट्याला ८० खर्चाची चिठ्ठी आली तो प्राचार्यांकडे जाईल आणि त्याचं चूकही नसेल.

आणखी एक फेरी आवर्जून घ्या, कमाल भावाची. फळ्यावर लिहा, ३० च्या वर सौदा बेकायदा. आता विकायला तीनच जण उभे राहतात, १०, २० आणि ३० वाला, तो तिसरा ना नफा ना तोटा. घ्यायला मात्र सात जण धावतात. पुस्तकातली आकृती गृहीत धरते की ते तीन नग ९०, ८० आणि ७० वाल्यांनाच मिळतात, म्हंजे एकूण फायदा २४० वजा ६०, १८०. दोनशेवरून एकशेऐंशी, फार काही बिघडलं नाही असं वाटतं. पण वर्गात तसं होत नाही. जो पुढच्या बाकावर आहे, ज्याचा आवाज मोठा आहे, ज्याची ओळख आहे त्याला मिळतं. समजा ३०, ४० आणि ५० वाल्यांनी पटकावलं तर एकूण फायदा १२० वजा ६०, फक्त ६०. भावावर झाकण बसलं की वस्तू कमी होते एवढंच पुस्तक सांगतं, ती भलत्याच माणसाकडे जाते हा भाग आकृतीत दिसतच नाही. ग्लेझर आणि लुटमर या अर्थशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कच्या भाडेनियंत्रणावर २००३ ला नेमकं हेच दाखवलं, आहेत ती घरं चुकीच्या मापाच्या कुटुंबांकडे अडकून बसली.

गिरगावचा_पोपट

न्यूयॉर्कला कशाला जाताय, आमच्या चाळीत या. भाडं १९४० च्या पातळीला गोठवलेलं, १९४७ चा कायदा, मग १९९९ चा कायदा, मालक म्हणतो एवढ्या भाड्यात जिना पण रंगवून होत नाही, टेकू लावलेत. समोरच्या खोलीतलं कुटुंब विरारला राहतं, खोलीला कुलूप, महिन्याला भाडं न चुकता. सोडतील कशी? आणि तिथं यायला तयार असलेली चार माणसांची कुटुंबं रोज बदलापूरहून लोकलला लोंबकळतात. हाच तुमचा ३० वाला आणि ९० वाला. पण एक सांगतो, झाकण असलं तरी भाव कुठून तरी बाहेर येतोच, त्यालाच पागडी म्हणतात. पोरांना ही फेरी खेळवताना टेबलाखालून चिक्की द्यायची मुभा ठेवा, मग खरा रंग चढेल.

मक्याच्या_देशा

हाहा, हे पुढच्या सेमिस्टरला चोरणार.

उन्हाळ_कांदा

इतका वेळ वाचत होतो. मी निफाडकडचा, बीए इकॉनॉमिक्स, आता शेती. आम्हाला वर्गात पूर्ण स्पर्धेचं उदाहरण म्हणून शेतमालाचा बाजार शिकवलेला, असंख्य विक्रेते, असंख्य ग्राहक, एकजिनसी वस्तू, पूर्ण माहिती. मी त्याच सकाळी वडिलांबरोबर ट्रॅक्टर घेऊन लिलावाला उभा राहून मग कॉलेजला गेलेलो.

आता लिलाव कसा होतो ते सांगतो म्हंजे चिठ्ठ्या तशा करा. ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येतो, एकजण वरचा माल उकरतो, दोन कांदे हातात घेऊन दाबून बघतो, बोली सुरू, मिनिटभरात संपते. बोलणारे किती? बघायला वीस असले तरी बोलणारे तीन-चार. आणि शेतकरी बोली लावत नाही, तो ट्रॉलीवर बसून ऐकतो. त्याच्या हातात एकच गोष्ट, नाही म्हणणं. नाही म्हटलं तर ट्रॉली परत न्यायची, डिझेल गेलं, दिवस गेला, उद्या भाव आजच्यापेक्षा कमी निघाला तर घरातली बोलणी वेगळी. होय म्हटलं तर पुढं खळ्यावर ट्रॉली रिकामी होताना खाली गोल्टी, म्हंजे बारीक कांदा, निघाली म्हणून वांधा काढतात आणि भाव अजून तुटतो. यात असंख्य ग्राहक कुठं आणि पूर्ण माहिती कुठं?

ताईंच्या खेळात दोन्ही बाजू मोठ्याने ओरडू शकतात, म्हणून तो पन्नासला येतो. तसला बाजार मी बघितला नाही.

खडूफळा

उन्हाळ_कांदा, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पूर्ण स्पर्धेचं उदाहरण म्हणून शेतमाल शिकवणं ही आमच्या पिढीने लावलेली सवय आहे, इंग्रजी पुस्तकात गव्हाचा बाजार होता तो आम्ही जसाच्या तसा उचलला. तिथला गहू प्रतवारी लावून विकला जातो, इथला कांदा ट्रॉलीत हात घालून.

मक्याच्या_देशा

उन्हाळ_कांदा, मग हीच फेरी घेऊ ना. विक्रेते आठच ठेवा, खरेदीदारांच्या चिठ्ठ्या तीन जणांत वाटा, विक्रेत्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचं आणि त्या तिघांना आधी पाच मिनिटं बाहेर व्हरांड्यात बोलू द्या. भाव पन्नासच्या बराच खाली येईल. त्यानंतर मक्तेदारीचं प्रकरण काढलं की पोरांना कळेल की मक्तेदारी विकणाऱ्याचीच असते असं नाही, घेणाऱ्याची पण असते. अभ्यासक्रमात ते अर्ध्या पानात उरकलेलं असतं.

तिरकस

एकूण काय, बाजार महान. मग किमान वेतन वाढवलं की बेकारी वाढते हे पण शिकवा, पोरं घाबरून पगारच मागणार नाहीत.

मक्याच्या_देशा

तिरकसराव, ते तसं शिकवत नाहीत आता, निदान शिकवू नये. न्यू जर्सीने एप्रिल १९९२ ला किमान वेतन तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नाही. कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या फास्ट फूडच्या दुकानांची तुलना केली, न्यू जर्सीत नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. १९९४ ला छापून आलं, त्यावर मोठी भांडणं झाली, दुसऱ्यांनी वेगळी आकडेवारी घेऊन उलट निष्कर्ष काढला, अजून वाद आहेच, पण कार्डला २०२१ चं नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी. आणि का घटल्या नसतील याचं एक उत्तर वर उन्हाळ_कांदा यांनी दिलंय. गावात नोकरी देणारे तीनच असले तर पगार आधीच दाबलेला असतो, तो कायद्याने थोडा वर नेला म्हणून माणसं कमी होतीलच असं नाही. आकृती तीच, बाजू फक्त मजुरांची.

तिरकस

हे बरंय. वाद घालायला आलो आणि नोट्स घेऊन चाललो.

एफवायची_रिया

मी विद्यार्थिनी आहे, चालेल ना? लवचिकता मला कळतच नाही. रेषा सरळ असेल तर उतार एकच असतो, मग सर म्हणतात की लवचिकता प्रत्येक बिंदूला वेगळी, कशी काय?

खडूफळा

चालेल म्हणजे काय, तुझ्यासाठीच तर हा धागा आहे बाळ. लवचिकता म्हणजे भाव एक टक्का हलला तर खप किती टक्के हलतो. आकडे घे. भाव ९० ला १० नग खपतात, ८० ला २०, असंच खाली जात २० ला ८० आणि १० ला ९०. ९० वरून ८० ला आलीस तर भाव ११ टक्के उतरला आणि खप १० वरून २०, शंभर टक्के वाढला. आता २० वरून १० ला ये. भाव निम्मा झाला, पन्नास टक्के, आणि खप ८० वरून ९०, साडेबारा टक्के. दोन्ही वेळा दहा रुपये आणि दहाच नग, म्हणून उतार एक. टक्के मात्र कुठून मोजतेस त्यावर. पहिल्या ठिकाणी दुकानदाराने भाव उतरवला तर गल्ला ९०० वरून १६००, दुसऱ्या ठिकाणी १६०० वरून ९००. गल्ल्याचं लक्षात ठेव, सूत्र आपोआप येईल.

तासिका सर, लवचिकतेला अजून एक उदाहरण. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तुमच्या वर्गातल्या मुली रोज त्याच गाडीने येतात. त्यांनाच विचारा, आधी कशाने यायचात? एकीचं उत्तर येईल वडापने, म्हणजे शेअर जीपने, दुसरीचं येईल आधी मामाकडे वर्षातून एकदा जायचो आता दर सुट्टीला. पहिल्या उत्तरात वडापवाल्याचं गिऱ्हाईक एसटीकडे आलं, ती छेदक लवचिकता (एकाचा भाव हलला की दुसऱ्याची मागणी हलते), दुसऱ्यात प्रवासच नवा. दोन्ही मिळून खप वाढतो पण कारणं वेगळी, आणि उरलेलं अर्धं तिकीट सरकार भरतं तो तिसरा धडा.

एफवायची_रिया

गल्ल्याचं कळलं!! थँक्यू काका. आणि हो, मीच ती वडापवाली.

पैचा_हिशोब

जाताजाता एक कोडं. तुम्हाला नाटकाचा फुकट पास मिळालाय, विकता येत नाही. त्याच संध्याकाळी दुसरीकडे गाण्याची मैफल आहे, तिकीट ४०० रुपये, आणि त्या मैफलीला तुम्ही फार तर ५०० रुपये मोजायला तयार आहात. नाटकाला जाण्याचा संधी खर्च किती? ०, १००, ४०० की ५००?

गिरगावचा_पोपट

५००. मैफल बुडाली ना.

मीच_ती

शून्य, पास फुकट आहे.

पैचा_हिशोब

१००. मैफलीला गेला असता तर ५०० ची मजा आणि खिशातून ४०० गेले असते, म्हंजे हाती राहिलेला फायदा १००, तोच सोडला. नाराज होऊ नका, फेरारो आणि टेलर यांनी २००५ ला हाच प्रश्न, फक्त रॉक गायकांच्या कार्यक्रमांचा, अर्थशास्त्रज्ञांच्या संमेलनात १९९ जणांना विचारला, २१.६ टक्के बरोबर. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी २५ येतात. नंतर काहींनी लिहिलं की व्याख्याच सैल आहे, दुसरी उत्तरं पण बसवता येतात. ते असो, पण पहिल्या आठवड्यात व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हे विचारा.

उन्हाळ_कांदा

संधी खर्चावरून आठवलं, ताई तुमच्या विक्रेत्याच्या चिठ्ठीत एक लोच्या आहे. त्यावर 'मला इतका खर्च आला' लिहिलंय आणि त्याच्याखाली कुणी विकत नाही. आमच्याकडे कांदा उपटेपर्यंत बी, खत, मजुरी सगळं जाऊन बसलेलं असतं. घरच्या माणसांची मजुरी आणि स्वतःच्या जमिनीचा खंड धरला तर आकडा अजून वर जातो, हमीभावाच्या वादात तो धरायचा की नाही यावरच तर भांडण आहे. पण ट्रॉली एकदा लिलावात उभी राहिली की हे सगळे आकडे कामाचे नाहीत. तेव्हा फक्त एवढंच बघायचं की परत नेऊन उद्या काय मिळेल आणि न्यायला-आणायला किती जाईल. म्हणून माणूस खर्चाच्या निम्म्यात पण विकतो, आणि पेपरवाले विचारतात की तोट्यात विकतात तर पिकवतात कशाला. पिकवायचं ते जूनमध्ये की नोव्हेंबरमध्ये ठरतं, विकायचं लिलावात ठरतं, दोन वेगळे निर्णय, दोन वेगळे खर्च.

मक्याच्या_देशा

अगदी बरोबर, आणि हे खर्चाच्या प्रकरणात अल्पकाळ-दीर्घकाळ म्हणून येतं, तिथं ते एवढं सरळ कुणी सांगत नाही. मी चिठ्ठीवर दोन आकडे टाकेन, एक पेरायच्या आधीचा आणि एक बाजारात आल्यावरचा. पहिल्यावर ठरवायचं की पुढच्या फेरीला माल आणायचा की नाही, दुसऱ्यावर आज विकायचं की नाही.

तासिका_तत्त्व

म्हणजे १० ते ८० हे पेरायच्या आधीचे. बाजारात आल्यावरचा आकडा किती टाकू?

उन्हाळ_कांदा

सगळ्यांना ५ टाका सर. आणि सातवा-आठवा विक्रेता पुढच्या फेरीला आलाच नाही तर त्याला गैरहजर मांडू नका, त्याने मका लावलाय.